आत्याची वीत

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी शिळफाट्याला, रस्त्यालगतच्या एका ओट्यावर लोकरीचे चौकोन गोळा करत बसले होते. मांडीवर गाठोडं होतं आणि एक बाई मला चहाचा आग्रह करत होती. खोपोली स्टेशनातला एक ओळखीचा पोर्टर चालत आला. वडील रेल्वेत असल्यामुळे निरोप त्याच्याकडेच आला होता. तो आधी त्या बाईशी हळू आवाजात बोलला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, गाडी अजून उभी हाय. चला.” एवढंच. कशासाठी, हे मी विचारलं नाही. कर्जतपर्यंत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. पळसदरी गेल्यावर लक्षात आलं की मी त्यातला एक चौकोन मुठीत गच्च धरून ठेवलाय आणि तो घामाने ओला झालाय.

सकाळी मी निघाले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. पायांवर सूज होती, बोलताना दम लागायचा. हातात क्रोशाची सुई मात्र होती. मी जायला नाखूश होते. रोजच कुठेतरी जायचं, रोज कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं, याचा मला कंटाळा आला होता. “उद्या गेले तर?” मी विचारलं. ती म्हणाली, “थंडी उद्यापर्यंत थांबते का, ते विचारून ये.” आणि मी दारात पोचल्यावर, “त्या बायकांना मापाच्या कामट्या द्यायला विसरू नकोस...” तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते हे. त्या वेळी ते शेवटचं वाटलं नव्हतं, त्यामुळे मी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसती मान हलवली. मान हलवणं हेच माझं बहुतेक बोलणं असे.

त्यावरूनच तिने मला नाव ठेवलं होतं. पुण्याच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातली इतकी वर्षं संपवून मी कर्जतच्या क्वार्टरमध्ये परत आले, तेव्हा मला घरातल्या माणसांशीही काय बोलावं ते कळत नसे. मराठी येत होतं, पण तोंडातून निघायच्या आधी ते मनात एकदा तपासून पाहायची सवय लागली होती, आणि तेवढ्यात समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे. आत्या लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन भावाकडे आलेली. आमच्याच घरात तिचं आयुष्य गेलं. ती माझ्या समोर बसली, सुईवर दोरा घेतला आणि मला क्रोशाचे टाके शिकवू लागली. आधी साखळी. मग खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन वर काढलेला उंच टाका. आणि वेढा न घेताच घातलेला, बुटका, घट्ट बसणारा, तो मुका खांब. मला काही केल्या खांब जमेना, तो सैल पडे. मुका खांब मात्र पहिल्याच दिवशी जमला. आत्या इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “वहिनी, बघ गं, तुझी लेक कोण आहे ते आज कळलं. मुका खांब!” तेव्हापासून घरात आणि पुढे गावातही माझं तेच नाव झालं.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्या माणसांनी भरल्या. आमच्या स्टेशनात गाड्या घाटाचं इंजिन जोडायला थांबत, तेव्हा कधीकधी डब्यांतून ती माणसं दिसत. आत्या एकदा वडिलांचा डबा द्यायला फलाटावर गेली होती. परत आल्यावर जेवताना म्हणाली, “एक बाई खिडकीतून पोराला वारा घालत होती. हातात काय होतं माहीत आहे? कुलूप. घराचं कुलूप होतं गं ते... त्यानेच वारा घालत होती.” त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईच्या एका महिला समितीकडून लोकर येणार असल्याचं कळलं. बायकांनी चौकोन विणायचे, ते जोडून पांघरुणं करायची आणि छावणीत पाठवायची. आत्याने कर्जत, दहिवली, शेलू, खोपोली असं जिथे जिथे कुणी ओळखीचं होतं तिथे शब्द टाकला. सुया पुरेनात म्हणून मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून त्यांना आकडे केले. आमच्या व्हरांड्यात दुपारी बायका जमू लागल्या. शेतकऱ्यांच्या बायका, गँगमनच्या बायका. यातल्या कित्येकींनी आयुष्यात लोकर हातात धरली नव्हती. “माई, ह्ये तर मेंढरू खाजवल्यावानी लागतंय,” शेलूची पारूबाई म्हणाली होती. सगळ्या बायका आत्याला माई म्हणत.

चौकोन आठ इंचांचा हवा, असं समितीने सांगितलं होतं. ते मी इंग्रजीतून वाचून दाखवलं. पारूबाई म्हणाली, “इंच म्हंजी काय गं बाय?” माझी शाळेतली पट्टी आत्याने मागून घेतली आणि तिच्यावर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर आठ इंच भरले. तिला फार आनंद झाला. सगळ्यांना तिने हात वर करून दाखवला. “एक वीत. अगदी सोपं. एक वीत लांब, एक वीत रुंद.” बायका माना डोलावून गेल्या, आणि प्रत्येकीने आपापल्या घरी, आपापल्या हाताने वीत मोजली.

दिवाळीनंतर समितीच्या एक बाई मुंबईहून आल्या. व्हरांड्यात सतरंजीवर चौकोन मांडले आणि सगळा घोटाळा उघडा पडला. पारूबाईचा चौकोन म्हणजे जवळजवळ आसनच, आणि गँगमनच्या कोवळ्या सुनेचा चौकोन त्याच्या शेजारी तळहाताएवढा. एकाची कड दुसऱ्याला लागेना. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना परतीची गाडी गाठायची होती. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. हे असे जोडता येणार नाहीत, सगळे उसवून पुन्हा विणून घ्या, थंडी संपण्याआधी पांघरुणं मिळाली नाहीत तर उपयोग काय, असं बरंच बोलल्या. मी आत्याला थोडक्यात सांगितलं. तिने दोन चौकोन उचलून एकमेकांवर ठेवून पाहिले. मग म्हणाली, “सांग त्यांना, उसवणार कुणीच नाही, आणि पांघरुणं थंडीतच जातील. प्रत्येक चौकोन जाईल, एकही मागे राहणार नाही. शब्द देते म्हणावं.” मी बाईंना म्हटलं, “येस.”

“एवढं मी बोलले आणि तू एवढंच सांगितलंस?” आत्या म्हणाली. बायका खो खो हसल्या. पण पारूबाई हसली नाही. तिने आपला चौकोन उचलून पदराखाली घेतला होता. “माजा हात मोटा हाय, माई. लावणी करून करून पसरला. त्याला मी काय करू? द्या, उसवून आनते.” आत्याने तो तिच्याकडून काढून घेतला. “भात झोडून आल्यावर विणलायस ना हा? मग आधी झोडलेलं भात पुन्हा पेंढ्याला लावून ये. ते जमलं की हेही उसव.”

तिने काय केलं, तर सगळ्यांत मोठा चौकोन, म्हणजे पारूबाईचा, तो माप म्हणून धरला आणि बाकीच्या प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी मुक्या खांबाच्या ओळी घालून त्या मापापर्यंत वाढवत नेलं. कुणाला दोन ओळी, कुणाला पाच. कुणाचा टाका उसवला नाही. नव्याने विणणाऱ्यांसाठी पारूबाईच्या नवऱ्याकडून बांबूच्या कामट्या चिरून घेतल्या, आत्याच्या वितीएवढ्या लांब, आणि घरोघर एकेक दिली. आता वीत मोजायची ती या काडीनेच, म्हणजे नव्या चौकोनांना किनार तरी सारखीच लागेल. “माईची वीत आमच्या घरात ऱ्हाते आता,” पारूबाई सगळ्यांना सांगत सुटली.

किनारी घालायचं ते काम दिसायला सोपं होतं, पण संपत नव्हतं. ओळीमागून ओळ, तोच टाका. माझ्या तर्जनीला घट्टा पडला, लोकरीच्या वासाने डोकं दुखे. तिच्या पायांवर सूज चढू लागली होती. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, तर ती पडून विणू लागली. वडील चिडत. “अगं, तू नाही विणलंस तर कुणी थंडीने मरणार आहे का?” ती म्हणाली, “ते मला कुठे माहीत आहे? म्हणून तर विणते.” एकदा तिला मी विचारलं होतं, ज्यांना मिळतील ते कोण, कसे, आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही, मग... वाक्य मी पुरं केलं नाही. तिने वर न बघता म्हटलं, “आपल्याकडे थंडी ती काय, चादर पुरते. त्यांच्या अंगाखालची जमीनसुद्धा त्यांची नाही. वर तरी काही घट्ट असू दे.” मी दमले होते, तीही दमली होती. आम्ही दोघी विणत राहिलो.

ती गेली तेव्हा शेवटचं पांघरूण जोडायचं होतं आणि त्यात एका चौकोनाची जागा रिकामी होती. तो चौकोन तिच्या उशाशी अर्धा विणलेला सापडला, तिचा स्वतःचा, सुईसकट. दहावा झाल्यावर मी तो हातात घेतला, तर आई म्हणाली, “एवढा तरी राहू दे गं घरात. तिचं दुसरं काय आहे आपल्याकडे?” खरंच फारसं नव्हतं. दोन लुगडी, एक चष्मा. मलाही तो ठेवावासा वाटत होता. वडिलांनी तो माझ्या हातातून घेऊन उलटून पाहिला. मग म्हणाले, “तिने शब्द दिलाय. एकही मागे राहणार नाही म्हणाली होती ना? मग तिचाच मागे ठेवायचा?” उरलेला अर्धा मी मुक्या खांबांनी पुरा केला, मला तेवढंच नीट येतं. जोड स्पष्ट दिसत होता. तिचे खांब उंच, मोकळे, आणि मध्यावर माझी घट्ट वीण सुरू. तसाच लावला. थंडी अजून होती, तेव्हाच ती पांघरुणं गेली. ती कुणाच्या अंगावर पडली ते मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात पारूबाई शेलूहून आली. व्हरांड्यात बसली, पाणी प्याली, मग कमरेला खोचलेली कामटी काढून माझ्यासमोर ठेवली. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली होती. “माई नाय, मग ही आता माघारी द्याची का? आमी बाया इचारत व्हतो.” खरं सांगायचं तर मला हे सगळं संपायला हवं होतं. दुपारी नुसतं पडून राहावं, कुणी येऊ नये, असं वाटत होतं. पारूबाईने कामटी माझ्याकडे सरकवली. “बोल की गं, मुक्या खांबा. देऊ का नेऊ?”

“न्या,” मी म्हटलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती, म्हणून मी पुढे म्हणाले, “मी समितीला लिहिते, लोकर पुन्हा पाठवा म्हणून. चौकोन याच मापाचे. पुढच्या थंडीला लागतीलच... बायकांना सांगा.”

“आता बोलली!” पारूबाई म्हणाली आणि कामटी पुन्हा कमरेला खोचून उठली.

आमच्या घरातली कामटी खिडकीच्या चौकटीवर असते, तिथे ती आत्यानेच ठेवली होती. दुपारी विणायला बसण्याआधी मी ती उचलते आणि तिच्यावर हात पसरते. माझी वीत तिच्याहून थोडी मोठी आहे, करंगळीचं टोक बाहेर जातं. मी करंगळी किंचित आत ओढून घेते. मग बरोबर बसते.