परत येणारे सात वॅट

मकसूद तांबोळींचा माणसांपेक्षा यंत्रावर जास्त विश्वास, आणि आमचं केंद्र पाहता त्यात काही चूक नव्हती. कर्वेनगरातल्या आमच्या छोट्या सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर त्यांनी पंधरा वर्षं सांभाळला. सकाळी बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचे आणि आधी मीटर बघायचे: अँटेनाकडे किती पॉवर गेली, किती परत आली. पन्नास वॅट जाऊन जेमतेम अर्धा वॅट परतला, की मगच चहा.

मग अध्यक्ष झाले पृथ्वीराज भिलारे. जमिनी विकून बिल्डर झालेले, शिवाय केबल टीव्हीचा धंदा. त्यामुळे त्यांना सगळ्यातलंच कळायचं. अँटेनाची केबल जुनी झाली, तेव्हा त्यांनी धंद्यातलं उरलेलं रीळ देणगी दिलं आणि त्याचा फोटोही छापून आणला.

"साहेब, ही टीव्हीची केबल, पंचाहत्तर ओहमची. आपला ट्रान्समीटरचा सेट आणि अँटेना पन्नासचे," मकसूदभाई म्हणाले. "मेळ नसला की लहर सांध्यावर आपटून मागे फिरते. पन्नासातले सात वॅट परत येतायत."

"अहो मकसूदभाई, त्रेचाळीस तर जात्यात ना? वायर ती वायर हाय!"

सेट अध्यक्षांपेक्षा शहाणा होता. फार पॉवर परत आली की आतलं काही जळू नये म्हणून आपणच जोर कमी करायचा. भिलाऱ्यांना तो कामचुकारपणा वाटला. वर्धापनदिनाचं भाषण 'फुल पॉवर'ने जावं म्हणून त्यांनी आपला केबलवाला बोलावून ती सोयच काढून टाकली. आतला ट्रान्झिस्टर आता कुठे मिळत नाही. तो जळला की सेट गेला, आणि सेट गेला की केंद्र. मकसूदभाईंनी बटण दाबायला साफ नकार दिला.

भिलाऱ्यांनी स्वतः दाबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. नोकरी कोणाला नको असते?

चौथ्या मिनिटाला ट्रान्समीटरच्या खोलीत जळका वास आला. मीटरचे दोन्ही काटे शून्यावर. बंद स्टुडिओत भाषण सुरूच होतं, आणखी वीस मिनिटं. मकसूदभाई सेटवर हात ठेवून रडत होते. मला त्यांच्या रडण्याची नाही, आमच्या टाळ्यांची लाज वाटली.

भाषण आटोपून भिलारे रुबाबात आत आले. परतीचा काटा बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बघा! एक वॅट तरी परत येतोय का? उगाच घाबरवत होता."

"परत कुठून येणार, साहेब?" मकसूदभाई डोळे पुसत म्हणाले. "चौथ्या मिनिटापासून काही गेलंच नाही."