जाळरेषा

नोकरी लागली तेव्हा आमची सॉफ्टवेअर कंपनी पुण्याच्या पार कडेला होती. मागे झाडांनी भरलेली टेकडी होती. ती सरकारी असेल असं समजून मी जेवण झालं की तिथे फिरायला जायचो. हिवाळा संपताना एक म्हातारा तिथे विळ्याने गवत कापताना दिसला. दर चार हातांवर मागे वळून तो रेघ सरळ आली का, ते बघायचा.

"जाळरेषा हाय," तो म्हणाला. "वणवा आला तर हितं थांबतो."

"टेकडी तुमची?"

"नऊ घरांची. पण हा हिस्सा पुतण्याचा. माझा हिस्सा चुलतभाऊ काढतो. आपल्या हिश्शात माणूस हयगय करतो. दुसऱ्याच्यात केली, तर गावात तोंड दाखवता येत न्हाई."

मग विळ्याच्या टोकाने त्याने माझं काचेचं ऑफिस दाखवलं. "ते आमचंच भाताचं खाचर. घाईत विकलं. टेकडीला गिऱ्हाईक आलं, तवा नऊ घरं देवळात बसली आन् न्हाई म्हणाली."

त्या उन्हाळ्यात समोरची टेकडी जळून काळी झाली. इथे आग रेघेपाशीच विझली.

पुढच्या हिवाळ्यात त्याने मला लांबूनच हाक मारली. "ओ सायेब! चुलतभावाचा गुडघा धरलाय. माझा हिस्सा तुम्ही काढा."

नारायण पेठेत वाढलेल्या माझ्या हातात तोवर विळा आलाच नव्हता. रेघ वाकडीच आली असणार. पण दर चार हातांवर मी मागे वळून बघत होतो.