वाढीव पिना

मॉलमध्ये चेंडू घरंगळत सोडून पिना पाडायला आम्ही सोसायटीतली मंडळी दर रविवारी जमतो. तिथल्या भिंतीवर एक कागद लावलेला असतो. पहिल्या तीन रविवारी ज्याची सरासरी जितकी कमी, तितक्या जास्त पिना त्याला पुढे फुकट मिळतात. त्यामुळे विशीतला धट्टाकट्टा गडी आणि सत्तरीच्या लेलेकाकू बरोबरीनं लढू शकतात. परवा त्या कागदावर सगळ्यांत मोठा आकडा माझ्या नावापुढे दिसला आणि मी नजर वळवली.

ते तिन्ही रविवार मी चेंडू मुद्दाम कडेच्या खाचेत घालवला होता. वर कपाळाला हात, हताश उसासा, सगळं साग्रसंगीत. काकूंना राहवायचं नाही. स्वतःचा डाव थांबवून त्या यायच्या. "अहो, मनगट वळतंय तुमचं. घाबरू नका, जमेल हं!"

कमी पडणाऱ्याला किती द्यायचं, याचं गणित कुणीतरी किती मायेनं बसवलंय! माणूस खरंच कमी पडतोय का, एवढंच त्यात मोजलेलं नाही. ते विश्वासावर सोडलंय.

परवा मी नीट खेळलो आणि पहिला आलो. काकू चार गुणांनी दुसऱ्या. टाळ्या सगळ्यांत जोरात त्यांच्याच. "बघा, माझा विद्यार्थी!"

"काकू, ते तीन रविवार..." मी सुरुवात केली.

"विसरा हो! सुरुवातीला सगळ्यांचंच तसं होतं."

मी मान डोलावली आणि पहिल्या नंबरचा करंडक उचलला. त्यांचा आनंद मोडवेना, असं घरी सांगितलं. खरं तर करंडक सोडवेना.