बसनं शिवगंगे आणि अक्कांचं राहिलेलं पाणी

"शिवगंगेच्या डोंगराला गाडी नको. तेव्हा बसनं गेलो होतो, आताही बसनंच जायचं," माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, बसवनगुडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात जाहीर केलं आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. सुहासनं आदल्या दिवशीच गाडी धुऊन ठेवली होती. अक्कांनी त्यालाही घरीच ठेवलं. "तू आलास की पायरीपायरीला माझ्या गुडघ्यांचं विचारणार. मुग्धा येईल की." मला कोणी विचारलं नव्हतं, पण डोंगर म्हटला की माझे पाय आपोआप बुटांकडे वळतात.

बेंगळुरूच्या आसपासच्या डोंगरांबद्दल वाचायला गेलात तर सगळीकडे पहाटेच्या अंधारात निघालेल्या गाड्या आणि मोटरसायकली दिसतील. माझं ऐका, बसनं जा. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून तुमकूरकडे जाणारी साधी लाल बस धरायची आणि डाबसपेटला उतरायचं. चढण्याआधी तिथे थांबते का ते विचारा, कारण काही गाड्या मधे कुठेच थांबत नाहीत. बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो. इथेच माझी पंचाईत झाली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझ्या आधारवर अजून कोथरूडच आहे. कंडक्टरनं अक्कांना शून्याचं तिकीट फाडून दिलं, माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हात पुढे केला. "महाराष्ट्रा? दुड्डु कोडी." मी मुकाट्यानं पैसे काढले.

"सून अजून माहेरीच आहे आमची," अक्कांनी शेजारच्या बाईंना कन्नडमध्ये सांगितलं. अर्धी बस हसली.

नेलमंगल मागे पडल्यावर मी विचारलं, "अक्का, आजच का शिवगंगे?" तेव्हा कुठे त्यांनी खरं काय ते सांगितलं. डोंगरावर अर्ध्या वाटेत एक गुहा आहे, तिथे खडकात उखळासारखं खोल भोक आहे. त्यात हात घालायचा. बोटांना पाणी लागलं तर माणूस भाग्याचा, नाही लागलं तर नाही, अशी इथली समजूत. अक्का नवी नवरी होऊन सासरच्या सगळ्या गोतावळ्याबरोबर आल्या होत्या. सगळ्यांच्या हाताला पाणी लागलं, यांच्या नाही.

"मग काय! दूध नासलं, की सासूबाई म्हणायच्या, हिला पाणी लागलं नव्हतं ना. कुकरची शिटी उडाली, तरी तेच. ह्यांची बदली झाली, तरी तेच."

"मग परत का नाही आलात?"

"भीती वाटायची गं. परत नाही लागलं तर?" असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. आज लागलं नाही तर मी यांना काय सांगणार होते?

डाबसपेटला उतरून तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा आणि हिरवी चटणी. दोघींचं पोट भरलं तरी शंभराची नोट मोडून सुटे परत आले. तिथून डोंगराच्या पायथ्याला जाणारी बस अधूनमधूनच असते. आम्ही माणशी पैसे घेणाऱ्या रिक्षात बसलो आणि मांडीवर दुसऱ्या कोणाची तरी नारळाची पिशवी घेऊन पोचलो.

चढ पायऱ्यांचा आहे, वाट चुकायची भीती नाही. भीती माकडांची. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की तुमची नाही, त्यांची. सगळं पाठीवरच्या पिशवीत कोंबा आणि चेन लावा. मी एवढं सगळं ऐटीत अक्कांना समजावत होते, तेवढ्यात एक माकड माझी टोपी घेऊन गेलं.

"जाऊ दे की, त्याला ऊन लागत असेल," अक्का म्हणाल्या.

त्या हळूहळू, पण न कुरकुरता चढत होत्या. आम्ही सावलीत बसून तिखटमीठ लावलेली काकडी खाल्ली, ताक प्यायलो. खाली शेतं, तळी आणि लांबवर हमरस्त्यावरचे ट्रक दिसत होते. वारा इतका छान होता की मी दोनदा म्हटलं, इथूनच परत फिरू या. अक्का पुढच्या पायरीवर चढल्या.

गुहेत रांग होती. भोकापाशी बसलेले पुजारी एकेकाला "इन्नू स्वल्प केळगे" म्हणत अजून थोडं खाली वाकायला सांगत होते. जवळ पोचलो तशा अक्का मागे सरकल्या. "तू आधी."

मी गुडघ्यावर बसले, खांद्यापर्यंत हात घातला, बोटं ताणली. थंड दगड लागला, पाणी नाही. अजून वाकले, गाल खडकाला टेकला, तरी नाही. मी आधुनिक बाई, या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी कोरडा हात बाहेर काढताना मला फार वाईट वाटलं. मागच्या बाई हळहळल्या, "अय्यो, सिगलिल्वा?" नाही मिळालं का, असं त्या विचारत होत्या, आणि सगळी रांग माझ्या हाताकडे बघत होती.

अक्कांनी पदर खोचला, माझ्या शेजारी बसल्या आणि हात आत घातला. बराच वेळ त्यांचा चेहरा काहीच सांगेना. मग त्यांनी डोळे मिटले. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत ओला होता. मला रडूच आलं.

पण अक्का स्वतःच्या हाताकडे बघतही नव्हत्या. त्यांनी माझा कोरडा हात धरला, आपल्या ओल्या हातानं कोपरापर्यंत चोळला आणि उंच करून रांगेला दाखवला. "सिक्तु! हिलाही लागलं!" पुजारी काही बोलणार होते. अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, मला कुठे लागलं होतं?"

"माझ्या वेळी असं कोणीतरी करायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

शिखर आणि कड्यावरचा नंदी अजून वर आहे. चढ उभा आहे, पण कठडे आहेत. तुम्ही जरूर जा. आम्ही गेलो नाही. परतीच्या बसमध्ये अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मॅजेस्टिकपर्यंत झोपल्या. संध्याकाळच्या आत निघा, नाहीतर उभ्यानं यावं लागेल.

सुहास दारातच उभा होता. "अक्का, लागलं का पाणी?"

"दोघींना," अक्का म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

त्या आठवड्यात मी आधारवरचा पत्ता बदलून बसवनगुडीचा केला. सुहासला वाटतंय, फुकटच्या बसपायी केला. वाटू दे.