जिल्दोचा हलका स्टेम

कोमो सरोवराकाठचा जिल्दो रेशमाच्या गिरणीतून निवृत्त झाला, पण सायकल काही सुटली नाही. सत्तरीतही तो दर रविवारी मित्रांबरोबर घाट चढायचा आणि सगळ्यांच्या मागून पोचायचा. दोष पायांचा नाही, सायकलच्या वजनाचा, हे त्याचं ठाम मत. म्हणून महिनाभर खल करून त्याने हँडल धरून ठेवणारा हलका स्टेम आणला आणि थेट बायको ओर्नेलाच्या दुकानात, हॅम तोलायच्या काट्यावर ठेवला.

"एकशे चार ग्रॅम. जुना एकशे साठ," तो मिशीत हसला.

"छप्पन्न ग्रॅमसाठी एवढा खटाटोप? दोन घास कमी खा की," ओर्नेला म्हणाली. "आणि काटा पूस आधी."

मागच्या अंगणात त्याने चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एक डोळा मिटून हँडल चाकाशी सरळ आहे ना, ते पाहिलं. मग जुन्या स्टेमवरचं पितळी पदक सोडवलं. त्यावर घाटमाथ्यावरच्या देवळातली मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, सायकलवाल्यांची राखणदार.

ओर्नेलाने ते उचललं, आत नेऊन तोललं आणि परत आली. "साठ ग्रॅम. हे घरी ठेवलं असतंस तर नव्या स्टेमची गरजच नव्हती."

"देवीचं वजन धरत नाहीत. चढावर मागून ढकलते ती."

"ढकलते, तरी शेवटचा येतोस?"

"आता तिचंही वय झालं, माझंही," म्हणत जिल्दोने पदक शर्टाला पुसलं आणि नव्या स्टेमवर बसवलं.