दुपारचा पाव फेरा

रशियातल्या कुर्गानजवळच्या आमच्या गावात रायसा डेअरीत कामाला जायची. तिच्या मुलीच्या, उल्याच्या, आखूड पायाला हाड कापून लोखंडी कड्या बसवल्या होत्या. कापलेल्या जागी हाड हळूहळू वाढावं म्हणून त्यांचे नट पान्यानं दिवसातून चारदा पाव-पाव फेरा फिरवायचे. दुपारचा फेरा सासूकडे होता. एका संध्याकाळी रायसा बघते, तर नटावरची नेलपॉलिशची खूण सकाळच्याच जागी.

"आई, फिरवलं नाहीत?"

"पोर कळवळते गं. तीन दिवस झाले, माझा हातच होत नाही. त्याऐवजी कोबी भरलेली गरम पिरोश्की खायला देते."

"पिरोश्कीनं हाड वाढतं होय? मधेच जुळलं तर पुन्हा कापतील! तेव्हा कुठं जाईल तुमची माया?"

रायसानं सासूकडचा पाना हिसकावून दोरीनं उल्याच्या गळ्यात बांधला. "उद्यापासून दुपारी तूच फिरवायचं."

उल्या आजीला म्हणाली, "तू तेवढी बाहेर थांब. तू रडतेस ना, तेच जास्त दुखतं."