हिरवी साल

आमच्या वनखात्यातल्या त्या रोजंदारी मजुराला सगळे बुंधा म्हणत. बुटका, रुंद, आणि एकदा उभा राहिला की जागचा हलायचा नाही, म्हणून. बावीस वर्षं त्यानं माझ्या हाताखाली काढली. खरं सांगायचं तर जंगल तो राखत होता, गणवेश तेवढा मी घालत होतो. त्या वर्षी कायम नोकरीच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. बायकोनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

तोडायच्या झाडावर आम्ही शिक्क्याचा हातोडा मारतो. वनरक्षकानं तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, असा नियम आहे. वाळलेल्या झाडांवर मी एके दिवशी खडूनं खुणा केल्या होत्या, त्याही उरकायच्या म्हणून उरकलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ चढायचा कंटाळा आला. हातोडा बुंध्याकडे दिला आणि मी चौकीत ताणून दिली.

तासाभरात तो धापा टाकत परत आला.

"साहेब, टेकडीवरचं मोठं झाड वाळलेलं नाही. नुसती पानं गळलीत. साल खरवडून बघितली, आत हिरवी आहे."

मी डोळेही उघडले नाहीत. म्हणालो, "खूण मी केलीय ना? तू मार."

माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही.

एवढं जुनं झाड आडवं झालं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं ओलं खोड बघून विचारलं, शिक्का कोणी मारला? मी सांगितलं, मला ताप होता, यानं न विचारता खुंटीवरचा हातोडा नेला. बुंधा माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून हो म्हणाला. यादीतलं नाव गेलं, कामही गेलं. कुंपणानंच शेत खाल्लं, असं लोक त्याला तोंडावर म्हणाले. मी तिथंच उभा होतो आणि मला लाज वाटली.

महिन्याभरानं त्याच्या घरी गेलो. उद्या अधिकाऱ्यांना खरं सांगतो, एवढं एकच वाक्य वाटभर घोकत होतो. त्याच्या बायकोनं चहा समोर ठेवला आणि ती आत गेली.

मी सुरुवात करणार तोच बुंधा म्हणाला, "साहेब, माझंच चुकलं. मी तुम्हाला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं."

"हो, विचारायचं होतंस," मी म्हणालो, आणि चहा संपवून उठलो.